‘सुपरनॅचरल’चा शेवट : सळई, सरण आणि दोन भाऊ

‘सुपरनॅचरल’ या अमेरिकन मालिकेचा ३२७वा आणि अखेरचा भाग तिकडे १९ नोव्हेंबर २०२० रोजी दाखवला गेला. सोलापुरात तेव्हा भाऊबीज होऊन जेमतेम तीन-चार दिवस झाले होते, डब्याच्या तळाशी चिवड्याचा चुरा उरला होता आणि दिवाळीसाठी पुण्याहून आलेला माझा धाकटा भाऊ, त्याचे काम घरूनच चालत असल्यामुळे, अजून परत गेला नव्हता. आम्हाला तो भाग पाहायला मिळेपर्यंत त्यात काय घडते हे दोघांच्याही फोनवर येऊन पोहोचले होते. तरीही एकमेकांना काही न सांगता, काहीच माहीत नसल्यासारखे आम्ही शेजारी बसून तो पाहिला. संपल्यावर भाऊ न बोलता गच्चीवर निघून गेला. त्या रात्री मला कोणी विचारले असते, तर मी त्या भागाला दहापैकी चार गुण दिले असते. पुढे पहिल्या भागापासून सगळी मालिका दुसऱ्यांदा पाहिली आणि माझे मत बरेच बदलले, मात्र पूर्ण बदलले नाही. या परीक्षणात शेवट उघड केलेला आहे, त्यामुळे ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबावे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात २ नोव्हेंबर १९८३च्या रात्री मेरी विंचेस्टर ही स्त्री बाळाच्या खोलीच्या छताला चिकटून जळून मरते. तिचा नवरा जॉन चार वर्षांच्या डीनच्या हातात सहा महिन्यांचा सॅम देतो आणि मागे वळून न पाहता बाहेर पळ म्हणून सांगतो. त्या रात्रीनंतर जॉन भुताखेतांच्या शिकारीला लागतो आणि दोन्ही मुलांना त्याच कामात वाढवतो. सॅम त्यातून सुटून स्टॅनफर्डला शिकायला जातो. आई गेल्यानंतर बावीस वर्षांनी डीन त्याला न्यायला येतो आणि १९६७ सालच्या काळ्या शेव्हरले इम्पाला गाडीतून दोघांचा प्रवास सुरू होतो. जेन्सन ॲकल्स (डीन) आणि जॅरेड पॅडॅलेकी (सॅम) या दोघांनी २००५ ते २०२० अशी सलग पंधरा पर्वे ही गाडी ओढली. भाग साधारण बेचाळीस मिनिटांचा धरला, तर एकूण हिशेब २२९ तासांच्या घरात जातो, म्हणजे न झोपता न जेवता बसले तरी साडेनऊ दिवस. मी हिशेबनिसाचे काम करतो, त्यामुळे हा आकडा काढल्याशिवाय मला राहवले नाही.

आमच्या घरात ही मालिका २००९च्या सुमारास एका मित्राच्या पेन ड्राइव्हवरून आली. चित्रीकरण कॅनडातल्या व्हँकूवरच्या आसपास होत असल्यामुळे पडद्यावर सदा ढग, ओले रस्ते आणि सूचिपर्णी झाडांचे काळोखे जंगल दिसे. इकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, नळाला दिवसांआड पाणी आणि छतावरच्या पंख्याला गरम वारा. त्या पावसाळी अंधाराचे आम्हाला भुतांपेक्षा जास्त आकर्षण होते, असे म्हणायला हरकत नाही. मात्र मालिका खरी रुजली ती आईमुळे. आईला इंग्रजी येत नाही. एके संध्याकाळी ती दारात उभी राहून पाहत होती आणि पडद्यावर डीन खोलीच्या उंबऱ्यावर व खिडकीत मिठाची रेघ ओढत होता. आई म्हणाली, “आपलंच मीठ हाय की. मोहऱ्या कुठायत?”

हा प्रश्न वरवर विनोदी वाटतो, पण मालिकेच्या यशाचे एक कारण त्यात दडलेले आहे. निर्माता एरिक क्रिप्की याने परके विज्ञान किंवा मंत्रांचे अवडंबर न उभारता लोकांच्या तोंडी असलेल्या समजुती उचलल्या, आणि लोकसमजुती सगळीकडे सारख्याच घरगुती वस्तूंनी चालतात. मिठाने भूत अडते, लोखंडाने पांगते. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून दृष्ट काढतात आणि बाळंतिणीच्या उशाशी विळा नाहीतर अडकित्ता ठेवतात. तिकडे चार रस्ते मिळतात तिथे मधोमध डबी पुरली की सौदा करणारा सैतान प्रकट होतो; आपल्याकडे अमावास्येला तिठ्यावर कुंकू लावलेले लिंबू आणि भाताचा मुटका दिसला की माणूस पाय जपून टाकतो. पहिल्याच भागातली पांढऱ्या वस्त्रातली बाई पाहून भाऊ ‘हडळ’ म्हणाला होता. ते काही खरे नाही, कारण हडळ ही बाळंतपणात गेलेल्या बाईची होते, तर ती बाई नवऱ्याच्या प्रतारणेने वेडी होऊन स्वतःच्या मुलांना बुडवणारी आहे. तरीही रात्रीच्या रस्त्यावर एकट्या पुरुषाला थांबवणारी बाई आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही, एवढे मात्र खरे.

एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात पुष्कळ उशिरा आली. या मालिकेत भुताचा बंदोबस्त करायचा म्हणजे थडगे उकरायचे, हाडांवर मीठ टाकायचे आणि ती जाळायची. आपल्याकडे बहुतेकांचे दहनच होते. तेव्हा हे दोघे भाऊ सोलापुरात आले असते, तर निम्म्या भागांना विषयच उरला नसता. मालिकेतले शिकारी ही गोष्ट पक्की ओळखून असतात, म्हणून ते आपल्या माणसांना पुरत नाहीत. दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला बाप जॉन मरतो तेव्हा दोघे मुलगे लाकडे रचून त्याला अग्नी देतात. ख्रिस्ती देशातल्या मालिकेतले ते सरण पाहून आईने हात जोडले होते. शेवटच्या भागाकडे जाताना हे दृश्य ध्यानात ठेवावे लागते.

दुसरी ध्यानात ठेवायची गोष्ट म्हणजे ‘खानदानी धंदा’. लोकांना वाचवणे आणि भुतांची शिकार करणे या कामाला दोघे भाऊ सतत बापाचा धंदाच म्हणतात, आणि बापाने मागे ठेवलेल्या कातडी बांधणीच्या वहीत पाहून तो चालवतात. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला हा शब्द ऐकताच कान टवकारावे लागतात. आमच्या घरी चार यंत्रमाग होते. चादरीच्या नक्षीसाठी वडिलांची चौकटींच्या कागदाची वही होती, जकार्डची कार्डे होती आणि कारखान्याचा खडखडाट थांबला की आम्हा मुलांना झोपेतून जाग यायची, इतकी त्या आवाजाची सवय होती. थोरल्याने धंदा बघायचा आणि धाकट्याने शिकायचे, ही वाटणी आमच्याकडे कोणी बसून ठरवली नाही. ती आपोआप झाली. डीन आणि सॅम यांच्यातही ती आपोआपच होते. म्हणून या मालिकेतली भुते मला फार काळ खरी वाटली नाहीत, पण मोटेलच्या खोलीत दोघा भावांमध्ये होणारे भांडण मात्र, तू गेलास आणि मी राहिलो हे ज्यात कधी उघडपणे म्हटले जात नाही ते भांडण, मला आमच्याच घरातले वाटत राहिले. ‘सुपरनॅचरल’च्या शेवटाची परीक्षा मी याच एका प्रश्नावर करतो : बापाने खांद्यावर ठेवलेला धंदा या दोघांना खाली ठेवता येतो का?

क्रिप्कीने आखलेली कथा पाच पर्वांची होती आणि तिचे उत्तर त्याने मे २०१०मध्ये दिले होते. सॅम स्वतःच्या शरीरात सैतानाला घेऊन पाताळातल्या पिंजऱ्यात उडी मारतो आणि डीन, भावाला दिलेल्या शब्दाप्रमाणे, लिसा नावाच्या बाईच्या घरी जाऊन चारचौघांसारखे जगायला लागतो. त्या भागात कथेचा कणा गाडीवर उभा आहे. लहानपणी सॅमने ॲश-ट्रेमध्ये अडकवलेला प्लास्टिकचा शिपाई आणि दोघांनी पत्र्यावर कोरलेली आद्याक्षरे यांच्याकडे नजर जाते म्हणून सॅमला ऐन वेळी स्वतःवर ताबा मिळतो. शत्रूला मंत्राने किंवा शस्त्राने हरवण्याऐवजी गाडीच्या एका ओरखड्याने हरवण्याची ती कल्पना आजही मला संपूर्ण मालिकेतली सर्वांत देखणी वाटते. कोणी मला विचारले की एवढे तास कुठून आणायचे, तर मी त्याला निःशंकपणे पाचव्या पर्वाशी थांबायला सांगतो.

वाहिनीला मात्र थांबायचे नव्हते. क्रिप्की बाजूला झाला आणि पुढची दहा पर्वे वेगवेगळ्या हातांनी चालवली. त्यातली सहावे ते दहावे ही पर्वे सलग पाहणे हे कष्टाचे काम आहे : कोणीतरी मरतो, कोणीतरी सौदा करून त्याला परत आणतो, दोघे भाऊ एकमेकांपासून काहीतरी लपवतात, पर्वाच्या शेवटी ते फुटते आणि पुढच्या वर्षी तेच नव्या नावाने सुरू होते. पण याच काळात मालिकेला स्वतःची थट्टा करण्याचे धैर्यही आले. सहाव्या पर्वातल्या एका भागात दोघे भाऊ अशा जगात जाऊन पडतात जिथे ते जॅरेड आणि जेन्सन नावाचे नट आहेत आणि त्यांचे आयुष्य म्हणजे एक मालिका आहे. अकराव्या पर्वातला एक संपूर्ण भाग गाडीच्या आतूनच पाहायला मिळतो. असे भाग सुटे काढून पाहिले तरी मजा येते.

पंधराव्या पर्वाची मूळ कल्पना चांगली आहे. ज्याला आपण चौथ्या पर्वापासून चक नावाचा दारुडा लेखक म्हणून ओळखत होतो आणि जो पुढे प्रत्यक्ष देव निघाला, तो आता खलनायक झालेला आहे. त्याला ही दोन भावांची गोष्ट आवडते, म्हणून त्याने ती पुन्हा पुन्हा लिहिली आणि मनासारखा शेवट जमेना तेव्हा जगेच्या जगे पुसून टाकली. त्याला हवा असलेला शेवट एकच आहे : एका भावाच्या हातून दुसऱ्याचा मृत्यू. दरवर्षी नवे संकट का येते याचे इतके मिस्कील समर्थन मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेले नाही. धंदा बापाने लादला होता असे दोघांना वाटत होते. आता कळते की बापाच्याही वर एक मालक बसलेला होता. तेरावा भाग मार्च २०२०मध्ये दाखवला गेला, करोनामुळे शेवटच्या दोन भागांचे चित्रीकरण अडकले आणि उरलेले सात भाग ऑक्टोबरपासून आले. तोवर आम्हाला घरात बसून अंदाज बांधायला भरपूर वेळ मिळाला होता, आणि आमचा एकही अंदाज बरोबर निघाला नाही.

अठराव्या भागाविषयी माझी तक्रार कायम आहे. कॅस्टिएल हा देवदूत, ज्याचे काम मिशा कॉलिन्सने चौथ्या पर्वापासून केले, त्याचा एका पोकळीशी करार झालेला असतो की ज्या क्षणी त्याला खरे सुख लाभेल त्या क्षणी ती त्याला गिळेल. मृत्यूची देवता दार फोडत असताना तो डीनला सांगतो की सुख मिळवण्यात नसून बोलून दाखवण्यात आहे, आपले डीनवर प्रेम आहे असे म्हणतो, आणि ते म्हणताच पोकळी येऊन त्याला आणि त्या देवतेला घेऊन जाते. दृश्य चांगले लिहिले आहे आणि कॉलिन्सने ते डोळ्यांत पाणी राखून, एकही शब्द वाया न घालवता केले आहे. प्रश्न पुढचा आहे. बारा वर्षांच्या सोबतीनंतर एवढे मोठे वाक्य उच्चारले गेले, तर त्याचे उत्तर, मग ते हो असो, नाही असो किंवा नुसते अवघडलेले मौन असो, देणे कथेवर बंधनकारक होते. डीन भिंतीला टेकून बसतो, फोन वाजत राहतो आणि त्यानंतरच्या दोन भागांत हा विषय दोन-चार ओझरत्या उल्लेखांवर भागवला जातो. स्वर्गात बॉबी, म्हणजे दोघांना बापासारखा असलेला जुना शिकारी, सांगतो की इथली नवी घडी बसवायला कॅस्टिएलने मदत केली, त्यावर डीन किंचित हसतो, आणि संपले. मला हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर ही बाकी पुढच्या पानावर ओढलीच नाही.

एकोणिसाव्या भागात चकचा पराभव होतो. त्याची शक्ती जॅक नावाच्या, दोघा भावांनी सांभाळलेल्या पोराकडे जाते. भाऊ चकला मारत नाहीत, तर त्याला साधा माणूस म्हणून म्हातारा व्हायला आणि विसरला जायला मागे सोडून देतात. मग गाडी रस्त्याला लागते आणि पंधरा वर्षांची दृश्ये सरकत जातात. बऱ्याच चाहत्यांचे म्हणणे आहे की मालिका इथेच संपायला हवी होती. माझेही २०२०मध्ये तेच म्हणणे होते. आता वाटते की तो सुखान्त असला तरी उत्तर नव्हे, कारण मालक गेला म्हणून धंदा सुटतो असे नाही. सवय उरते.

आणि विसावा भाग नेमका सवयीपासून सुरू होतो. देव नाही, प्रलय नाही. सकाळी गजर होतो, डीन भांडी घासतो, सॅम पळायला जातो, एक कुत्रा घरात आला आहे, पायांच्या जत्रेत (आपले पाय नव्हेत, तिकडचा गोड पदार्थ) एक भाऊ दुसऱ्याच्या तोंडावर पाय थापतो. डीनच्या टेबलावर नोकरीचा एक कोरा अर्ज पडलेला क्षणभर दिसतो. पहिल्यांदा पाहताना आम्हा दोघांनाही तो दिसला नव्हता. चाळीस वर्षांच्या माणसाने, ज्याला दुसरे काही येत नाही, लपूनछपून नोकरीचा अर्ज आणून ठेवावा, यावर एकही संवाद नाही. माग बंद करायच्या आदल्या वर्षी मीही एक अर्ज कपाटात ठेवला होता, त्यामुळे या एका कागदासाठी मी लेखक अँड्र्यू डॅबचे बरेच गुन्हे माफ करायला तयार आहे.

मग ओहायोतल्या एका कोठारात रक्तपिपासूंशी झटापट होते. ती साधीच झटापट आहे, अशा शंभर आपण पाहिलेल्या आहेत. त्यात धक्का बसून डीन लाकडी खांबातून बाहेर आलेल्या लोखंडी सळईवर पाठीमागून जाऊन आदळतो, आणि तेवढ्याने तो मरतो. ज्याने सैतान, देवदूत, मृत्यू आणि देव यांना तोंड दिले तो सळईने मरावा, याचा चाहत्यांना भयंकर राग आला. मलाही आला होता. पण धंद्यात माणसे अशीच मरतात. यंत्रमागाच्या कारखान्यांत वाढलेल्या कोणालाही विचारावे. पट्ट्यात धोतराचा सोगा अडकतो, उघड्या तारेला ओला हात लागतो, उडालेला धोटा डोळ्यावर बसतो. तीस वर्षे काम केलेला कसबी माणूस एखाद्या मोठ्या आगीत जाईलच असे नाही. तो मंगळवारी दुपारी, रोजच्या कामात जातो. शिवाय लोखंड ही याच मालिकेत भुताला अडवणारी वस्तू होती आणि तिनेच जिवंत माणूस खांबाला अडकवला, हे कोणी मुद्दाम योजले असेल किंवा नसेल, मला ते बोचले.

मरताना डीन सळईवरून हलवू नकोस म्हणून सांगतो, परत आणायचा खटाटोप करू नकोस असे बजावतो, आणि स्टॅनफर्डच्या त्या रात्रीची गोष्ट सांगतो, की सॅमच्या दारात तो कित्येक तास नुसता उभा होता, कारण धाकटा आपल्याला हाकलून देईल अशी त्याला भीती होती. पंधरा वर्षे प्रेक्षकांनी जो प्रसंग रुबाबदार प्रवेश म्हणून पाहिला, तो त्या एका वाक्याने उलटा होतो. ॲकल्सने हे बोलताना आवाज एकदाही चढवलेला नाही. आणि मग तो सॅमला म्हणतो की, ठीक आहे असे तू मला सांग. सॅमला ते सांगता येत नाही. बराच वेळ जातो. शेवटी तो म्हणतो की आता तू गेलास तरी चालेल, आणि तेव्हाच डीन जातो.

अनेक परदेशी चाहत्यांना हे दृश्य लांबलेले आणि रडके वाटले. मराठी माणसाला ते तसे वाटायचे कारण नाही, कारण पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा आपण दुसरे काय करतो? कोणीतरी पुढे होऊन मेलेल्याला शब्द देतो की तुमच्या मागे आम्ही सांभाळू, काळजी करू नका, जा. माझे वडील २०१२ साली गेले. दहाव्याला तासभर कावळा फिरकला नाही. चुलत्यांनी मला पुढे करून माग चालू ठेवीन असे म्हणायला लावले, मी म्हटले, आणि कावळा आला. चार वर्षांनी मी तेच चार माग किलोच्या भावाने भंगारात घातले. धाकटा तेव्हा पुण्याहून आला होता आणि ट्रकमध्ये माल चढेपर्यंत माझ्याजवळ उभा राहिला. बोलला काहीच नाही. डीनला शब्द हवा असतो तो धंदा चालवण्याचा नसतो, आपण नसलो तरी तू नीट राहशील एवढाच असतो, आणि सॅमच्या तोंडून तो निघायला लागणारा वेळ मला दुसऱ्यांदा पाहताना मुळीच जास्त वाटला नाही.

त्यानंतर सरण येते. फिकट उजेड, रचलेली लाकडे, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला देह आणि समोर एकटा सॅम व तो कुत्रा. बापाच्या सरणापाशी दोघे उभे होते, इथे एकच आहे. संगीत जवळजवळ नाही. मालिकेने दिलेल्या अग्नींपैकी हा शेवटचा, आणि या एका दृश्यासाठी तरी तो भाग पाहावा, असे मी परिचितांना सांगत आलो आहे. पुढची काही मिनिटेही तितकीच चांगली आहेत : रिकाम्या घरात सॅम नाश्ता करतो, डीनच्या खोलीत बसतो, डीनचा फोन वाजतो, कोणाला तरी मदत हवी असते, आणि तो दिवे मालवून निघतो.

इथून मात्र भागाची पकड सुटते. सॅमचे उरलेले सगळे आयुष्य काही मिनिटांत उरकले आहे. त्याला मुलगा होतो, त्याचे नाव डीन ठेवतो, त्याच्याशी चेंडू खेळतो, अभ्यास घेतो, आणि बघता बघता पांढऱ्या केसांचा म्हातारा होतो. तो केसांचा टोप इतका हलक्या दर्जाचा आहे की गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या नाटकात तो कोणी घातला असता, तर पहिल्या रांगेतून शिट्ट्या आल्या असत्या. ज्या मालिकेने पंधरा वर्षे दर आठवड्याला नवे राक्षस रंगवले, तिच्या रंगभूषाकाराला शेवटच्या दिवशी नायकाचे म्हातारपण जमू नये, हे समजण्यापलीकडचे आहे. त्याहून मोठा दोष असा की सॅमची बायको कोण हे आपल्याला दिसतच नाही. मागे अंधूक एक बाई उभी आहे, तिला चेहरा नाही. जगण्यासाठी भावाने निरोप दिला आणि ते जगणे असे धुरकट दाखवले, तर त्या निरोपाचे वजन कमी होते.

एका तपशिलाने मात्र मला पुन्हा विचारात पाडले. सॅमच्या तरुण मुलाच्या हातावर, भूत अंगात शिरू नये म्हणून हे भाऊ गोंदवून घेत असत, ती खूण आहे. म्हणजे सॅमने मुलाला धंद्यात घातले की फक्त धोक्यापासून जपले, याचे उत्तर मालिका देत नाही. मी याला पळवाट मानत नाही. माग विकून नऊ-दहा वर्षे होत आली तरी लग्नात कोणी चादर आहेर म्हणून दिली, की माझी बोटे आधी तिचा काठ चाचपतात आणि धागा दुहेरी आहे की नाही ते पाहतात. हे माझ्या मुलीने माझ्याकडून उचलले आहे. मी तिला कधी शिकवले नव्हते.

स्वर्गाचा भाग मला कोरडा वाटला. बॉबी (जिम बीव्हर) व्हरांड्यात बसलेला भेटतो, आपली माणसे जवळपासच राहतात असे सांगतो, पण दिसत कोणीच नाही. चित्रीकरण साथीच्या निर्बंधांत झाले हे त्या ओस रस्त्यांवरून समजते आणि तेवढी सवलत द्यायला हवी. डीन गाडी घेऊन निघतो, मालिकेचे ठरलेले गाणे वाजते, पृथ्वीवर सॅमची वर्षे सरतात, आणि त्याच्याही अंथरुणाशी मुलगा तेच वाक्य म्हणतो, की आता तुम्ही गेलात तरी चालेल. शब्द पुन्हा दिला गेला, हे लेखकाचे कसब. मग पुलावर दोघे भाऊ भेटतात.

पाहायचे असल्यास काही व्यवहाराच्या सूचना. पहिली पाच पर्वे ओळीने पाहावीत. तिसरे पर्व तिकडच्या लेखकांच्या संपामुळे सोळाच भागांचे आहे, त्यामुळे ते तुटक वाटल्यास नवल नाही. सहाव्यापासून निवडून पाहिले तरी चालते, मात्र अकरावे पर्व सोडू नये आणि शेवटच्या पर्वाकडे येण्याआधी चौदाव्याचा अखेरचा भाग आवर्जून पाहावा, नाहीतर चक खलनायक का झाला याचा पत्ता लागणार नाही. आईवडिलांच्या तरुणपणावर आधारलेली ‘द विंचेस्टर्स’ ही जोडमालिका २०२२मध्ये आली आणि तेरा भागांत आटोपली. ती पाहिली नाही तरी काही बिघडत नाही. लहान मुलांबरोबर पाहण्याची ही मालिका नाही, रक्त फार आहे. आमच्या आईने मात्र जेवताना पाहिली.

माझे गुण आता दहापैकी सात. दोन कॅस्टिएलच्या थकबाकीचे कापले आणि एक त्या टोपाचा. खरे तर पुलानंतर आणखी थोडे आहे : दोघे नट स्वतःच्या नावाने कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांचे आभार मानतात आणि मागे सगळी मंडळी हात हलवताना दिसतात. पंधरा वर्षे राबलेल्या माणसांना ते करावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण डोळ्यांतले पाणी पुसायच्या आत हे दिसते आणि दोघा भावांचे पुन्हा पगारी नट होऊन जातात. गेल्या दिवाळीत भाऊ आला होता तेव्हा आम्ही तो भाग पुन्हा लावला, आणि सॅम पुलावर येऊन डीनच्या शेजारी उभा राहिला तसा भावाने हात लांब करून टीव्ही बंद केला.